घराच्या दर्शनी भिंतीला दगड लावावा की प्लॅस्टिकचे पॅनेल? ग्वाल्हेरमध्ये घर बांधणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घराचे बांधकाम गिलाव्यापर्यंत आले की ठेकेदार विचारतो, ‘एलिव्हेशनला काय लावायचे?’ तोपर्यंत बहुतेक पैसा खर्च झालेला असतो आणि घरातली माणसेही निर्णय घेऊन घेऊन थकलेली असतात. दुकानात एका भिंतीवर सागवानाची हुबेहूब नक्कल करणारी प्लॅस्टिकची पॅनेले लावलेली असतात, दुसऱ्या कोपऱ्यात ग्वाल्हेर मिंट, शिवपुरी आणि धोलपुरी दगडाचे तुकडे मांडलेले असतात, आणि रंग व चौरस फुटाचा दर एवढ्या दोन गोष्टींवर व्यवहार ठरतो. खरे तर साहित्याची निवड सर्वांत शेवटी करायची असते. आधी भिंत तपासावी, मग तिची दिशा पाहावी, मग ती किती वजन पेलेल याचा अंदाज घ्यावा आणि त्यानंतरच दुकानात जावे. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

क्रमाला सुरुवात करण्यापूर्वी एक पार्श्वभूमी लक्षात घेतलेली बरी. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घराला बाहेरून लावण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. बाहेरून एकावर एक चढवलेल्या लाकडी फळ्या असतात आणि त्या फळ्यांना दर काही वर्षांनी रंग द्यावा लागतो. त्या रंगाच्या कटकटीतून सुटका म्हणून पीव्हीसी आले. म्हणजे तेथे बाहेरचे आवरण हे घराचे रेनकोटसारखे खरेखुरे संरक्षण असते. आपल्याकडे नऊ इंची विटांची भिंत सिमेंटच्या गिलाव्यासह पावसात स्वतःच्या बळावर उभी राहते. त्यामुळे येथे क्लॅडिंग म्हणजे आधीच पुरेशा असलेल्या भिंतीवर चढवलेली दुसरी त्वचा होय. ही त्वचा भिंतीवर सावली धरून उपकार करू शकते किंवा भिंतीतली ओल कोंडून तिचा नाशही करू शकते, आणि यांपैकी काय घडेल हे साहित्याच्या नावापेक्षा त्या दोन थरांमधल्या जागेत काय चालते यावर अधिक अवलंबून असते.

पायरी १ : भिंत कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

ग्वाल्हेरमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारच्या भिंती आढळतात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास शहराचा लष्कर हा भाग वसला. तेथील जीवाजीगंज, दाणाओळी, कंपू अशा भागांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगड व चुन्याच्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या असतात. थाटीपूर, सिटी सेंटर किंवा दीनदयाल नगरकडची घरे विटा व सिमेंटची, बहुतेक आरसीसी सांगाड्याची आणि नऊ किंवा साडेचार इंची भिंतींची असतात.

चुन्याची भिंत जमिनीतली ओल थोडी वर ओढते आणि दोन्ही बाजूंनी ती हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गच्च गिलावा करून दगड चिकटवला किंवा मागे हवा खेळणार नाही अशी प्लॅस्टिकची पॅनेले ठोकली, तर बाहेर पडण्याची वाट बंद झालेली ओल आतल्या खोलीकडे वळते. मग आतल्या रंगाला फोड येतात, भिंतीला लोणा लागतो आणि चुना भुसभुशीत होऊ लागतो. बाहेरून घर नवे दिसते आणि आतून सडत जाते. अशा वाड्याच्या मालकांना माझा स्पष्ट सल्ला असा आहे की दोन्ही पर्याय बाजूला ठेवावेत, सैल झालेला गिलावा काढावा, चुन्याचाच नवा गिलावा करावा आणि वर चुन्याची सफेदी किंवा वाफ आरपार जाऊ देणारा रंग द्यावा. हेही पारंपरिक आवरणच आहे. दुकानात त्याचा नमुना टांगता येत नाही, म्हणून कोणी ते सुचवत नाही इतकेच.

विटा-सिमेंटच्या भिंतीची तपासणी पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीस करणे सर्वांत चांगले. फूटभर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील, तर भिंत अजून ओली आहे. गिलाव्यावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत जावे. जेथे पोकळ आवाज येतो तेथला गिलावा विटेपासून सुटलेला असतो आणि त्यावर काहीही चिकटवले तरी ते गिलाव्यासकट खाली येण्याची शक्यता असते. जोत्याजवळ पांढरी पूड दिसत असेल, तर ओल खालून चढते आहे. गच्चीच्या कठड्याखाली ओघळ दिसत असतील, तर पाणी वरून येत आहे. या दोन्हींचा उपाय आधी केल्याशिवाय आवरणाचा विचारही करू नये. नवा गिलावा असेल तर त्यावर पाणी मारण्याचे दिवस संपल्यानंतर किमान महिनाभर तो उघडा वाळू द्यावा. ठेकेदाराला हा महिना नेहमीच फार मोठा वाटतो.

पायरी २ : कोणत्या भिंतीवर ऊन किती, हे पाहावे

ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८७ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन फार तिरके पडते आणि साधा दोन फुटांचा छज्जाही तिला सावली देतो. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य सुमारे ४० अंशांपर्यंतच चढतो आणि हवेहवेसे ऊन दक्षिणेच्या भिंतीवर थेट पडते. खरी अडचण पश्चिमेची असते. मे महिन्यात, हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना, दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंत ती भिंत समोरून ऊन खाते. छज्ज्याचा तेथे फारसा उपयोग होत नाही, कारण ऊन खालच्या कोनातून येते.

म्हणून घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक दर्शनी भिंतीपुढे तिची दिशा, समोरच्या घराची किंवा झाडाची सावली आणि पावसाचा मारा लिहून ठेवावा. समोर आरशासारख्या निळ्या काचांची इमारत असेल, तर तीही नोंदवावी. अशा काचांवरून परावर्तित झालेले ऊन एका जागी एकवटते आणि त्याने पीव्हीसीच्या पट्ट्या वाकल्याची उदाहरणे परदेशांत अनेक आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘दगड लावला की घर थंड राहते’ असे सर्रास सांगितले जाते. जुने वाडे थंड असत ते दोन फूट जाडीच्या भिंतींमुळे, उंच छतांमुळे आणि मधल्या चौकामुळे. २० मिलिमीटर जाडीची फर्शी मसाल्याने थेट भिंतीला चिकटवली, तर तिचा उष्णतारोध नगण्य असतो, कारण वालुकाश्मातून उष्णता विटेपेक्षाही सहज वाहते. पातळ प्लॅस्टिकची गोष्टही फारशी वेगळी नाही. घराला खरा फायदा होतो तो आवरण आणि भिंत यांच्यामध्ये २५ ते ४० मिलिमीटर पोकळी ठेवून ती खाली व वर उघडी ठेवल्याने. ऊन आवरणावर पडते, पोकळीतली तापलेली हवा वरून निघून जाते आणि मूळ भिंत सावलीत राहते. हे दगडाने साधता येते आणि प्लॅस्टिकनेही. दोन्ही बाबतींत फिकट रंग गडद रंगापेक्षा उजवा ठरतो.

पायरी ३ : ‘प्लॅस्टिक’ म्हणजे नेमके काय, ते विचारून घ्यावे

दुकानदार ज्या वस्तूंना सरसकट ‘पॅनेल’ म्हणतो त्यांत किमान पाच निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली कठीण पीव्हीसीची, म्हणजे यूपीव्हीसीची पोकळ पट्टी. दुसरी डब्ल्यूपीसी, यात लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी किंवा पॉलिथिलीन यांचे मिश्रण असते आणि उभ्या खाचांची लूव्हर बहुधा याचीच बनलेली असतात. तिसरी एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबलेला प्लॅस्टिकचा किंवा खनिजयुक्त गाभा. बँका आणि शोरूम यांच्या दर्शनी भागांवर दिसते ती हीच. चौथी एचपीएल, ज्यात राळेत भिजवलेल्या कागदाचे अनेक थर उष्णता व दाब देऊन एकजीव केलेले असतात. पाचवी पॉलियुरेथेनची, दगडासारखी दिसणारी आणि हाताने सहज उचलता येणारी हलकी फळी.

यांतील प्रत्येकीचा घराच्या आत वापरण्याचा एक दर्जा असतो आणि बाहेर वापरण्याचा दुसरा. फसवणूक होते ती येथेच. घराच्या आतल्या छतासाठी बनवलेली पातळ पीव्हीसी पट्टी दिसायला तशीच असते, दराने निम्मी पडते आणि उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत पिवळी पडून ठिसूळ होते. उन्हातील अतिनील किरणे प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. त्यांना अडवण्यासाठी बाहेरच्या दर्जाच्या मालात टायटॅनियम डायऑक्साइड आणि स्थिरीकारक द्रव्ये घातलेली असतात, किंवा वरचा थर वेगळ्या टिकाऊ प्लॅस्टिकचा, कारखान्यातच एकत्र ओतलेला असतो. ही तपासणी डोळ्यांनी करता येते. पट्टीचा कापलेला छेद पाहावा. लाकडी रंगाची छटा कागदासारख्या पातळ फिल्मची असेल आणि नखाने तिची कड उचलली जात असेल, तर ती भिंत आतली असो वा बाहेरची, मी तरी तो माल घेणार नाही. वॉरंटीच्या कागदावर ‘बाहेरील वापर’ हे शब्द आणि रंग उडण्याविषयीचे कलम आहे की नाही, हे वाचून घ्यावे; तोंडी दहा वर्षांना काही अर्थ नसतो.

वेळ हाताशी असेल तर आणखी एक सोपी चाचणी आहे. नमुन्याच्या अर्ध्या भागावर जाड काळी चिकटपट्टी लावून तो गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून पूर्ण मे महिना ठेवावा आणि पट्टी काढून दोन अर्ध्या भागांचा रंग ताडून पाहावा.

पायरी ४ : उन्हात पट्टी किती वाढेल, याचा हिशेब करावा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही आणि ग्वाल्हेरमध्ये प्लॅस्टिकची बहुतेक कामे बिघडतात ती यामुळेच. कठीण पीव्हीसी तापमानाच्या प्रत्येक अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढते. जानेवारीच्या सकाळी पट्टीचे तापमान ८ अंश असेल आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर तीच गडद पट्टी ७० अंशांपर्यंत तापत असेल, तर फरक ६२ अंशांचा झाला. ३ मीटर लांबीची पट्टी या फरकाने ११ मिलिमीटरहून अधिक वाढते. तिला वाढायला जागा नसेल, तर ती मध्येच फुगून भिंतीपासून सुटते किंवा स्क्रूजवळ चिरते. शिवाय कठीण पीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणजे चॉकलेटी किंवा करड्या रंगाची पट्टी पश्चिमेला लावणे हे मर्यादेच्या फार जवळ जाणे आहे. वालुकाश्माचे प्रसरण याच्या सहाव्या भागाइतके असते, आणि त्याचे तुकडे दोन-दोन फुटांचेच असल्यामुळे सांध्यात ते सहज सामावून जाते.

त्यामुळे पट्टीतील स्क्रूची भोके लांबट असावीत, स्क्रू त्या खाचेच्या मध्यावर यावा आणि तो शेवटपर्यंत आवळू नये. पट्टी हाताने ढकलल्यास किंचित सरकली पाहिजे. टोकाला किती फट सोडायची हे बसवण्याच्या ऋतूवर ठरते. थंडीत काम होत असेल, तर वाढीची जवळजवळ सगळी जागा सोडावी लागते. मेच्या दुपारी बसवत असाल तर पट्टी आधीच वाढलेली असते, तेव्हा थोडी फट पुरते आणि हिवाळ्यात ती आपोआप मोठी होते. ही फट कोपऱ्याच्या किंवा खिडकीच्या पट्टीखाली झाकली जाईल अशी योजना आधीच करावी. कारागीर फट पाहून त्यात सिलिकॉन भरायला धावतात. त्यांना तसे करू देऊ नये.

चौकट गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची असावी. स्वस्त पडते म्हणून लाकडी पट्ट्या मारू नयेत, कारण बंद पोकळीतील लाकूड वाळवीला आमंत्रण देते. दोन आधारांमधले अंतर पातळ पट्टीसाठी सव्वा ते दीड फुटापेक्षा अधिक नसावे, अन्यथा आंधीच्या दिवसांत पट्टी थडथडते. पोकळीच्या खालच्या व वरच्या तोंडाला बारीक जाळी लावावी; ती विसरली तर पहिल्याच वर्षी आत गांधीलमाश्यांची पोळी होतात. आणि ग्वाल्हेरमध्ये राहून माकडांचा विचार न करणे परवडत नाही. उभी लूव्हर त्यांना शिडीसारखी वाटते. ज्या वस्तीत माकडांची टोळी फिरते, तेथे गच्चीच्या कठड्यापर्यंत जाणारी पोकळ प्लॅस्टिकची लूव्हर लावू नयेत.

पायरी ५ : आगीचा विचार वेगळा करावा

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि तीत ७२ माणसे मेली. आग एका सदनिकेच्या स्वयंपाकघरात सुरू झाली होती. ती बाहेरून सगळ्या इमारतीवर चढली, याचे मुख्य कारण पॉलिथिलीनचा गाभा असलेली ॲल्युमिनियमची पॅनेले होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. आपले दोन मजली घर म्हणजे टॉवर नव्हे, हे खरे. दार उघडून बाहेर पडता येते. परंतु आवरणामागची जी पोकळी उन्हाळ्यात हवा वर खेचते, तीच आगीच्या वेळी धुराड्यासारखे काम करते, हे तत्त्व दोन मजल्यांनाही लागू आहे.

पीव्हीसी स्वतःहून सहजासहजी जळत राहत नाही, मात्र मोठ्या आगीत ते वितळते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा डोळे व घसा जाळणारा वायू निघतो. पॉलिथिलीन मात्र मेणासारखे जळते. म्हणून एसीपी घ्यायचेच असेल तर गाभा खनिजयुक्त, आग रोखणाऱ्या दर्जाचा असल्याचे चाचणी-प्रमाणपत्र मागावे, आणि पॉलिथिलीन मिसळलेले डब्ल्यूपीसी टाळावे. विजेचा मीटर, इन्व्हर्टरच्या तारा, एसीचे बाहेरचे यंत्र आणि स्वयंपाकघराच्या चिमणीचे तोंड यांच्याभोवती किमान दोन-तीन फूट दगड, टाइल किंवा नुसता गिलावा ठेवावा. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर पोकळी न जळणाऱ्या पट्टीने तोडून, त्या पट्टीच्या खाली व वर हवेची स्वतंत्र वाट द्यावी. लष्करच्या अरुंद गल्ल्यांमध्ये, जेथे समोरच्या सज्ज्यावरून दिवाळीचा अनार आपल्या भिंतीपर्यंत पोचतो, तेथे दर्शनी भागावर प्लॅस्टिक अजिबात लावू नये, असे माझे मत आहे.

पायरी ६ : दगड निवडणे

या शहरातील माणसाला दगडाची पारख शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. किल्ल्याचा डोंगर विंध्य पठाराच्या वालुकाश्माचा आहे. उरवाईच्या रस्त्याने चढताना, जेथे पंधराव्या शतकातील जैन मूर्ती खडकात कोरलेल्या आहेत, तेथे उघड्या कड्याचे थर नीट पाहावेत. कोणता थर शाबूत आहे आणि कोणत्या थराचे पापुद्रे निघाले आहेत हे लक्षात येते. वालुकाश्म थराथरांनी बनलेला असतो आणि मधला मातकट थर ही त्याची कमजोर जागा असते. दुकानात फर्शीची कड ओली करून पाहिली, की असा थर गडद रेघेसारखा उठून दिसतो.

ग्वाल्हेर मिंट हा पांढऱ्याकडे झुकणारा, किंचित हिरवट झाक असलेला दगड घराच्या दर्शनी भागासाठी येथे सर्वाधिक वापरला जातो. फिकट असल्यामुळे तो कमी तापतो, हा त्याचा मोठा गुण. आणि फिकट असल्यामुळेच सिमेंटचे डाग व पावसाचे ओघळ त्याच्यावर लगेच दिसतात, हा दोष. निवडताना तीन गोष्टी कराव्यात. फर्शी उभी धरून हातोडीच्या दांड्याने ठोकावी. खणखणीत आवाज यावा, बद्द येऊ नये. पाण्याचा थेंब टाकावा. तो क्षणात नाहीसा झाला तर दगड फार सच्छिद्र आहे. शक्य असेल तर एक कोरडा तुकडा सोनाराच्या नाहीतर किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावा, २४ तास पाण्यात ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. वजन अडीच टक्क्यांहून अधिक वाढले, तर मी तो दगड पावसाच्या भिंतीला लावणार नाही. मोठ्या कामासाठी हीच चाचणी आयएस ११२४ या मानकाप्रमाणे प्रयोगशाळेत करून घेता येते.

सगळा माल एकाच खाणीच्या एकाच खेपेतला घ्यावा आणि लावण्यापूर्वी जमिनीवर पसरून रंगांची जुळणी करावी. अर्धे काम एका खेपेचे आणि अर्धे दुसऱ्या खेपेचे असेल, तर ते गल्लीच्या तोंडावरूनही ओळखू येते. तासलेल्या, हाताने टाकी मारलेल्या किंवा नैसर्गिक फुटीच्या पृष्ठभागांपैकी आपल्याकडे, जेथे वैशाख-ज्येष्ठात धुळीची वादळे नित्याची आहेत, गुळगुळीत पृष्ठभाग साफ ठेवायला सोपा पडतो. खडबडीत दगडाच्या खाचांत धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचे तपकिरी ओघळ होतात. कोरीव पट्ट्या जोत्याजवळ किंवा खिडकीच्या चौकटीपुरत्या चांगल्या दिसतात.

पायरी ७ : दगडाचे वजन आणि तो बसवण्याची रीत

२० मिलिमीटर जाडीचा वालुकाश्म दर चौरस मीटरला सुमारे ४६ किलो भरतो. म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण ४२५ किलो, आणि मागे तितक्याच जाडीचा मसाला धरला तर पाऊण टनाहून अधिक. तेवढ्याच जागेतली पीव्हीसीची पट्टी, चौकट सोडून, ४०-५० किलोच्या आसपास असते. नव्या नऊ इंची भिंतीला, जी खालपासून वर सलग आहे, दगडाचे वजन जड नाही. परंतु साडेचार इंची भिंत, पुढे आलेल्या गॅलरीचा कठडा, आणि जुन्या घरावर नंतर चढवलेला मजला यांच्यावर रचनाकार अभियंत्याला विचारल्याशिवाय दगड लावू नये. प्लॅस्टिकची बाजू खरोखर बळकट होते ती येथे, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

बसवण्याच्या दोन रीती आहेत. ओल्या रीतीत दगड मसाल्याने किंवा तयार ॲडहेसिव्हने चिकटवतात. कोरड्या रीतीत स्टेनलेस स्टीलच्या पकडी भिंतीत ठोकून दगड त्यांवर टांगतात आणि मागे पोकळी राहते. कोरडी रीत महाग आहे, परंतु पश्चिमेच्या भिंतीला आणि पहिल्या मजल्याच्या वर तीच करावी. सावलीचा लाभ तिच्यातच मिळतो आणि एखादा दगड तडकला तर तेवढाच काढता येतो. पकडी, पिना, बोल्ट हे सर्व ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे लोखंड गंजताना फुगते आणि दगडाची कड फोडते. वर गंजाचा तांबडा ओघळ कायमचा राहतो. दगड लावण्याच्या कामासाठी आयएस ४१०१ भाग १ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख करारात करावा.

तळमजल्यावर ओली रीत चालते, पण तिच्यात एक सवय मोडून काढावी लागते. अनेक कारागीर दगडाच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे लावून तो दाबतात. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पावसाचे पाणी साचते, सिमेंटमधले क्षार घेऊन दगडातून बाहेर येते आणि पांढऱ्या बुरशीसारखे डाग उमटतात. दगडाची पाठ धूळ धुऊन ओलसर करावी आणि ॲडहेसिव्ह दातेरी थापीने सबंध पाठीवर लावावा. मिंटसारख्या फिकट दगडासाठी पांढरा ॲडहेसिव्ह घ्यावा, कारण करड्याची सावली समोर उमटते. दोन दगडांत ३ ते ५ मिलिमीटर सांधा ठेवून तो नीट भरावा; सांधा न ठेवता दगड भिडवून लावले तर दिसायला सुबक, पण कडा उडतात.

पायरी ८ : दर मागवणे

दर मागताना दोन्ही पर्यायांसाठी एकच प्रश्नावली द्यावी, अन्यथा तुलना होत नाही. परांची, चौकट किंवा पकडी, कोपऱ्याच्या आणि खिडकीभोवतालच्या पट्ट्या, कापण्यातील नासाडी, जीएसटी आणि काम संपल्यावरची सफाई दरात धरली आहे की नाही, हे लेखी घ्यावे. खिडक्या-दारांची जागा मापातून वजा होणार का, हेही विचारावे. प्लॅस्टिकच्या कामात मूळ पट्टी स्वस्त असते आणि कोपऱ्याच्या पट्ट्या, ज्या रनिंग फुटाने विकल्या जातात, त्या मिळून बिल फुगवतात. खिडक्या जास्त असलेल्या घरात हे फार जाणवते. दगडाच्या कामात मजुरीच मालाइतकी किंवा त्याहून अधिक होऊ शकते, मात्र ग्वाल्हेरमध्ये माल दाराशी आहे आणि तो कापणारा, घडवणारा, दुरुस्त करणारा कारागीरही याच शहरात मिळतो. पंधरा वर्षांनी एखादी फर्शी बदलायची झाली तर तिच्यासारखी दुसरी मिळेल. प्लॅस्टिकच्या पट्टीचा रंग आणि खाच कंपनी केव्हा बंद करील, हे कोणालाच सांगता येत नाही.

पायरी ९ : निर्णय

सलग नऊ इंची भिंतीचे नवे घर असेल, तर तळमजला आणि जोते दगडाचे, वर चांगला गिलावा आणि फिकट रंग, आणि पैसे असतील तर पश्चिमेच्या भिंतीला कोरड्या रीतीने दगड, अशी रचना मी सुचवीन. संपूर्ण घर मढवण्याची गरज क्वचितच असते. जुन्या घरावर चढवलेला हलका मजला, पुढे आलेला कठडा, किंवा उत्तरेकडची सावलीतली भिंत यांसाठी बाहेरच्या दर्जाचे, फिकट रंगाचे यूपीव्हीसी किंवा एचपीएल घेण्यास हरकत नाही. पश्चिमेला गडद प्लॅस्टिक नको. चुन्याच्या वाड्याला दोन्ही नको. घर चार-पाच वर्षांत विकायचे किंवा भाड्याने द्यायचे असेल, तर आवरणाऐवजी तो पैसा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर घातलेला केव्हाही चांगला.

काम सुरू झाल्यानंतर आणि पुढे

पहिल्या दिवशी फक्त एक चौरस मीटर लावून घ्यावे आणि काम थांबवून ते पाहावे. सांधे, फटी, स्क्रूची खाच, मागची पोकळी यांविषयी जे काही ठरवायचे ते याच तुकड्यावर ठरते आणि पुढच्या कामाला तोच नमुना मानावा.

दगडावर उडालेले सिमेंट काढण्यासाठी कारागीर तेजाबाची, म्हणजे ॲसिडची बाटली काढतात. ती परत ठेवायला सांगावी. तेजाबाने दगडातील लोहाचे अंश सुटून पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. उडालेला मसाला ओला असतानाच स्पंजने पुसणे हा खरा उपाय आहे. दगड पूर्ण वाळल्यावर वाफ बाहेर जाऊ देणारे, सिलेन-सिलॉक्सेन जातीचे न चमकणारे सीलर द्यावे. चमकदार वार्निश ओल कोंडते आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. प्लॅस्टिकसाठी साधे साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. थिनर, रॉकेल आणि तारेचा ब्रश वापरू नये, आणि प्रेशर वॉशरचा फवारा खालून वर मारू नये, कारण पाणी पट्ट्यांच्या मागे शिरते. बोअरवेलचे जड पाणी दोन्ही पृष्ठभागांवर पांढरा थर सोडते, तेव्हा धुतल्यावर कापडाने पुसावे.

पहिल्या पावसाळ्यात, मोठी सर थांबल्यावर तासाभराने आतल्या खोलीतून आणि बाहेरून भिंतीची पाहणी करावी. खिडकीचे वरचे कोपरे, एसीच्या पाइपची भोके आणि गच्चीच्या कठड्याखालचा सांधा यांतून पाणी शिरण्याची शक्यता सर्वाधिक असते. ठेकेदाराचे शेवटचे पैसे या पाहणीनंतर द्यायचे, असे करारातच लिहून ठेवावे. आणि काम संपताना त्याच खेपेतले आठ-दहा दगड किंवा पाच-सहा पूर्ण लांबीच्या पट्ट्या, सोबत कोपऱ्याच्या एक-दोन, जिन्याखाली कोरड्या जागी ठेवून द्याव्यात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आडव्या आणि सपाट ठेवाव्यात, उभ्या टेकवल्या तर एका उन्हाळ्यात त्यांना बाक येतो.